भोकराचा चिकटा

नांदेडहून किनवटकडे निघालेली रेल्वे मुदखेड सोडते आणि पुढे भोकर लागतं. त्याच नावाचं झाड मराठवाड्यात बांधावर दिसतं. उन्हाळ्यात हिरवी भोकरं ठेचायची, बोटांना मीठ चोळून बी उपसायची आणि कैरीच्या फोडींबरोबर लोणच्यात टाकायची. हे मीठ चवीसाठी नसतं. गरातल्या शर्करेच्या लांब साखळ्या पाणी धरून फुगतात, म्हणून गर बोट सोडत नाही. मीठ ते पाणी ओढून घेतं.

आयुर्वेदात हा श्लेष्मातक, तर युनानी हकिमांच्या पुडीत सपिस्तान. या फारसी नावाचा अर्थ कुत्रीची आचळं, आणि घोसातली फळं पाहिली की तो पटतो. सर्दी-खोकल्याच्या जोशांद्यात सुकं भोकर उकळतात. बुळबुळीत काढा घशाला आतून लेप देतो, खवखव कमी होते. निजामाच्या राज्यात युनानीला सरकारी आश्रय होता आणि भोकर गावही त्याच राज्यात होतं. इजिप्तमध्ये मात्र असाच गर फांद्यांना फासून पाखरं धरत.

लिनियसनं 1753 मध्ये भोकराच्या प्रजातीला ‘कॉर्डिया’ म्हटलं, ते व्हॅलेरियस कॉर्डस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. आपल्याकडच्या भोकराला ‘कॉर्डिया डायकॉटोमा’ हे नाव जॉर्ज फॉर्स्टरनं 1786 मध्ये दिलं. कॉर्डस झाडपाल्याचा माणूस खरा, पण त्याची मोठी कामगिरी वेगळीच. मद्यार्क आणि गंधकाम्ल यांपासून ईथर कसं करायचं, ते त्यानं 1540 च्या सुमारास लिहून ठेवलं. 1544 मध्ये, तिशीही न गाठता, तो रोममध्ये वारला. पुढे 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्यानं रुग्णाला भुलीसाठी ईथर हुंगवलं आणि मानेवरची गाठ कापताना रुग्ण ओरडला नाही. मधली तीनशे वर्षं शस्त्रक्रियेत माणसं किंचाळत राहिली. कृती मात्र कागदावर होती! मला या सगळ्या कुळकथेत हीच गोष्ट सर्वात अस्वस्थ करते.

पुन्हा भोकराकडे वळू. त्याच्या गरातल्या डिंकाचं काम अजून चालूच आहे. औषधाच्या गोळ्या बांधायला तो चालेल का, हे तपासलं गेलंय. कराचीच्या संशोधकांनी त्याचा पातळ लेप शेंगदाण्यांना दिला. लेपामुळे हवेतला ऑक्सिजन दाण्यापर्यंत कमी पोचतो आणि तेल खवट व्हायला वेळ लागतो.