जहाजावरील पर्यायी इंधनांचे शुद्धीकरण व साठवण

खनिज तेलाऐवजी वापरल्या जाणाऱ्या इंधनांतील पाणी व गाळ काढून ती जहाजावर सुरक्षित राखण्याची व्यवस्था. नॉर्वेची ‘ग्लुट्रा’ ही फेरीबोट २००० मध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूवर, तर ‘स्टेना जर्मानिका’ २०१५ मध्ये मिथेनॉलवर धावू लागली. अशा कमी ज्वलनांकाच्या इंधनांसाठीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे (→ आंतरराष्ट्रीय सागरी संघटना).

नेहमीचे जड खनिज तेल टाकीत निवळवून, सुमारे ९८° से. तापवून प्युरिफायरमधून (पाणी व गाळ वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढतात. मिथेनॉलला हा खटाटोप लागत नाही; गाळण्या पुरतात. जैवडिझेलची मात्र सतत निगा लागते. ते हवेतील ओलावा शोषते. टाकीच्या तळाशी पाणी साचले की तेल व पाणी यांच्या सीमेवर जीवाणू-बुरशी वाढतात आणि गाळणीवर बुळबुळीत थर बसतो. टाकीत पूर्वी साचलेली घाणही जैवडिझेल सुटी करते. म्हणून आधी टाकी धुणे व नंतर तळाचे पाणी नियमित सोडणे अत्यावश्यक ठरते (→ जैवइंधन).

नैसर्गिक वायू सुमारे −१६२° से. तापमानाला उष्णतारोधक टाक्यांत ठेवतात. मिथेनॉलचा ज्वलनांक सुमारे १२° से. असून त्याची ज्योत दिवसा जेमतेम दिसते. त्यामुळे टाकीतील मोकळ्या जागेत नायट्रोजन भरतात. तेवढ्याच ऊर्जेसाठी मिथेनॉल डिझेलच्या सुमारे अडीचपट जागा घेते. अमोनिया −३३° से. तापमानाला द्रवरूप राहतो, पण विषारी असल्याने गळतीशोधक व वायुवीजन अनिवार्य (→ अमोनिया).

जहाजाचा पल्ला व मालाची जागा टाक्यांच्या आकारावर अवलंबून असल्याने जहाजाच्या आराखड्यात साठवणीचा विचार प्रथम करावा लागतो (→ जहाजबांधणी).