मुंबईचा धूर आणि मुळशीचं पाणी

कोलाडला राफ्टिंगला गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. तिथे सकाळी वेळेवर पोचावं लागतं, कारण कुंडलिका नदीला पाणी 'सोडतात'. भर उन्हाळ्यात, आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या असतानाही, ही नदी सकाळी फेसाळत वाहते. एवढं पाणी येतं कुठून?

ते येतं सह्याद्रीच्या पलीकडून, मुळशीच्या तलावातून. खरं तर मुळा ही पूर्वेला जाणारी नदी. पुण्यातून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळणारी. तिचं पाणी बोगद्यातून उलट्या दिशेला वळवलं गेलं, कोकणात भिरा इथल्या वीजकेंद्रात डोंगरावरून खाली सोडलं गेलं आणि त्यातून तयार झालेली वीज मुंबईला गेली. या गोष्टीला आता शंभर वर्षं होत आली.

आज शहरांनी कार्बन उत्सर्जन कसं कमी करायचं यावर परिषदा होतात, आराखडे निघतात. पण मुंबईने कोळसा सोडून स्वच्छ विजेकडे जाण्याचा प्रयोग एकदा करून झालेला आहे. त्याला तेव्हा कोणी 'क्लायमेट अ‍ॅक्शन' म्हणत नव्हतं, एवढंच.

गिरण्यांचं शहर, चिमण्यांचं आकाश

१८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. गिरण्या वाफेवर चालत आणि वाफ कोळशावर. मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. तो बंगालहून किंवा थेट इंग्लंडहून यायचा आणि महाग पडायचा.

धूर इतका वाढला, की १९१२ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला. कायद्याचा रोख मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरावर होता. कोळशातून न दिसणारा कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो आणि तो वाढला तर पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८९६ मध्येच मांडलं होतं. पण परळच्या चाळीत वाळत घातलेल्या धोतरावर पडणारी काजळी ही जास्त जवळची अडचण होती.

याच काळात शहरात विजेवरची वाहनंही आली. घोड्यांनी ओढायच्या ट्राम १८७४ पासून होत्याच. ७ मे १९०७ रोजी पहिली इलेक्ट्रिक ट्राम धावली. रस्त्यावर धूर नाही, लीद नाही. पण तिची वीज वाडी बंदरच्या केंद्रात कोळसा जाळूनच तयार होत होती. धूर गेला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. आज इलेक्ट्रिक गाडी घेताना जो प्रश्न विचारायला हवा, तो तेव्हाही होताच: वीज कशापासून येते?

डोंगरावरचा पाऊस

उत्तर घाटमाथ्यावर होतं. लोणावळ्याच्या आसपास पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो आणि घाटाचा कडा एकदम कोकणात उतरतो. पाणी वर अडवायचं, पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि त्या वेगावर जनित्रं फिरवायची. जमशेटजी टाटांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला, पण १९०४ मध्ये ते गेले. पुढचं काम मुलांनी आणि सहकाऱ्यांनी केलं. १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि सुमारे ७० किलोमीटर तारांवरून वीज परळला पोचली.

एकामागून एक गिरण्यांनी वाफेची इंजिनं बाजूला सारली. मागणी वाढली, तसं १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा केंद्र आलं. मधेच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली. मुंबईची लोकल अशी विजेवर आली. शहराने इतक्या झपाट्याने इंधन बदलल्याची उदाहरणं आजही फारशी सापडत नाहीत.

गोष्ट इथेच संपली असती तर ती छान यशोगाथा झाली असती.

जान किंवा जमीन

भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं. त्याखाली मुळशी खोऱ्यातली ५२ गावं येत होती. हा भाग भातशेतीचा. इथला आंबेमोहोर नावाजलेला. लोकांना आधी विचारणं तर दूरच, कंपनीने त्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणायला सुरुवात केली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. जगातल्या पहिल्या धरणविरोधी आंदोलनांमध्ये मुळशी सत्याग्रहाची गणना होते.

समोरचा युक्तिवादही पोकळ नव्हता. कोळसा वाचेल, गिरण्या स्वस्तात चालतील, हजारो हातांना काम मिळेल, देशी उद्योग उभा राहील. स्वातंत्र्य चळवळीतल्या अनेकांना हा मुद्दा पटत होता. त्यात भर म्हणजे खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना मोबदल्याची रक्कम दिसत होती. कसणाऱ्या कुळाला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न मागे पडला. सावकारांनी मोबदला पत्करला आणि लढ्यात फूट पडली.

१९२४च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामावर जाणारी गाडी अडवली. त्यात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झालं, पाणी चढलं, गावं वरच्या डोंगरउतारावर सरकली. शेजारी अथांग तलाव असूनही तिथल्या काही वस्त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या आणि घराखालच्या जमिनीच्या मागण्या आजही बातम्यांत येतात.

पुन्हा तेच डोंगर

पुढे मुंबईची भूक या पाण्याला पुरेना. १९५६ मध्ये तुर्भ्याला औष्णिक केंद्र आलं, नंतर डहाणूलाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली आणि रस्ते मोटारींकडे गेले. घाटातली तिन्ही केंद्रं अजून सुरू आहेत, पण त्यांची एकत्र क्षमता ४४७ मेगावॅट. शहराच्या विजेत मोठा वाटा पुन्हा कोळशाचा झाला.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं उद्दिष्ट त्यात आहे. आराखड्यातल्या हिशोबानुसार २०१९ मध्ये शहराचं उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होतं आणि त्यातलं ७२ टक्के ऊर्जेच्या वापरातून, म्हणजे मुख्यतः घरं, दुकानं, कार्यालयं यांच्या विजेतून आणि इंधनातून. वाहतुकीचा वाटा २० टक्के, कचऱ्याचा ८. म्हणजे बस विजेवर आणणं गरजेचं आहेच. पण ती वीज कोळशाचीच राहिली, तर आपण पुन्हा वाडी बंदरच्या ट्रामपाशी येऊन थांबू.

सूर्य रात्री नसतो, वारा कधीही पडतो. म्हणून वीज साठवायला हवी. एक उपाय म्हणजे दुपारच्या जादा विजेवर पाणी डोंगरावर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचं. त्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. प्रस्तावित जागा कोणत्या? शिरवता आणि भिवपुरी. शंभर वर्षांपूर्वीचीच घाटमाथ्याची रांग.

मी या प्रकल्पांच्या विरोधात नाही. कोळसा जाळत राहण्याची किंमतही शेतकरीच मोजतो, अवकाळी पावसात आणि लांबलेल्या मान्सूनमध्ये. माझं म्हणणं एवढंच, की शहराचं उत्सर्जन मोजताना वहीत आणखी एक रकाना हवा: यासाठी जमीन कोणाची गेली, पाणी कोणाचं वळलं आणि त्या माणसांना आधी विचारलं होतं का? १९२१ मध्ये हा रकाना कोरा होता. तो भरा म्हणून मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले होते.

पुढच्या वेळी कोलाडला गेलात, की पाणी आल्यावर वल्हं हातात घेण्याआधी एकदा पूर्वेच्या डोंगराकडे बघा. त्या पाण्याखाली कोणाची तरी भाताची खाचरं आहेत.