तळटीप : एकेबी४८ आणि अकिहाबाराचे नाट्यगृह
एकेबी४८ : टोकियोतील तरुण गायिका-नर्तिकांचा समूह. नावातील ‘एकेबी’ म्हणजे अकिहाबारा, विजेच्या उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेली टोकियोतील बाजारपेठ. तिथल्या डॉन किहोते या दुकानाच्या इमारतीत आठव्या मजल्यावर समूहाचे स्वतःचे नाट्यगृह आहे. निर्माते व गीतकार यासुशी अकिमोतो यांची कल्पना साधी होती : दूरदर्शनच्या पडद्यापलीकडची तारकेला रोज भेटता यावे. ८ डिसेंबर २००५ रोजी पहिला प्रयोग झाला, तेव्हा तिकीट काढून आलेले प्रेक्षक अवघे सात होते. पुढे गर्दी इतकी वाढली की तिकिटांसाठी सोडत काढावी लागली. सभागृह जेमतेम अडीचशे जणांचे, त्यात रंगमंचापुढे दोन जाड खांब. ते टाळून जागा मिळावी म्हणून प्रेक्षकांची धडपड. मुली पूर्वी ‘ए’, ‘के’, ‘बी’ अशा संघांत विभागलेल्या असत. प्रत्येक संघ ठरावीक गाण्यांचा एकच कार्यक्रम महिनोन्‌महिने करत असे, मध्ये प्रेक्षकांशी गप्पाही होत. नवख्या मुली तयार होतात त्या याच रोजच्या प्रयोगांतून. म्हणूनच प्रस्तुत संपादकाच्या मते, समूहाचे खरे काम ध्वनिमुद्रिकांपेक्षा या लहानशा रंगमंचावर दिसते. याच पद्धतीचा जेकेटी४८ हा समूह २०११ मध्ये जकार्तात स्थापन झाला. — संपा.