वर्तमानपत्र शिकवणाऱ्या शाळा

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. खरे तर तो निघाला होता ॲबिसिनियाला, पण राहिला आपल्याकडेच. हे आपण गोमंतकीय भाषणांतून इतक्यांदा ऐकतो की त्याचा अभिमान आता सवयीचा झाला आहे. पण त्यानंतर वर्तमानपत्र निघायला किती वर्षे लागली? 'गझेता द गोवा' निघाले डिसेंबर १८२१ मध्ये. म्हणजे दोनशे पासष्ट वर्षे! छापखाना असणे वेगळे आणि बातमी छापणे वेगळे.

आणि बातमी लिहायला शिकवणे? ते तर फारच अलीकडचे.

यंदाही बारावीच्या निकालानंतर ओळखीतल्या दोघांनी मला विचारले, "मुलीला मास कॉम करायचे म्हणते, त्यात काय शिकवतात हो?" मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून चार पुस्तके वाचणारा कारकून, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. त्या निमित्ताने जे वाचले ते इथे मांडतो.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय काढले. ते काढणारे वॉल्टर विल्यम्स यांच्याकडे स्वतःची पदवीच नव्हती! छापखान्यात काम करत करत ते संपादक झाले होते. त्यांनी पहिल्याच दिवसापासून विद्यार्थ्यांना खरे दैनिक काढायला लावले. दुसरे जोसेफ पुलित्झर. त्यांनी कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर देऊ केले, आणि शाळा उघडली १९१२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

आपल्या देशात पहिला प्रयत्न ॲनी बेझंट यांचा, १९२० च्या सुमाराचा. अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी हा विषय ठेवला आणि मुलांना 'न्यू इंडिया' पत्रात हात काळे करायला पाठवले. तो फार टिकला नाही. १९३८ साली अलीगढला सर शाह सुलेमान यांनी पदविका सुरू केली, तीही दोनेक वर्षांत बंद पडली. टिकले ते लाहोरचे. पंजाब विद्यापीठात १९४१ साली पृथ्वीपाल सिंग यांनी वर्ग सुरू केले. सहा वर्षांत फाळणी झाली. ग्रंथालय, इमारत, विद्यार्थी, सगळे तिकडे राहिले. सिंगांनी हा विभाग दिल्लीत पुन्हा उभा केला आणि १९६२ मध्ये तो चंडीगढला गेला. निर्वासितांच्या कहाण्या आपण पुष्कळ वाचतो, पण एक अख्खा अभ्यासक्रम निर्वासित झाल्याचे हे उदाहरण मला तरी विलक्षण वाटते.

मराठी मुलखात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे शिक्षण आले, अमेरिकेहून आलेले प्राध्यापक रोलंड वुल्सली यांच्या मदतीने. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली. मग त्याआधीचे मराठी संपादक कुठे शिकले? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर तर आपल्या शेजारच्याच पोंभुर्ल्याचे. ते स्वतः एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते, त्यांना कोण शिकवणार?

आपल्याकडची गोष्ट तर आणखी निराळी. गोव्यात वैद्यकीय शाळा १८४२ सालापासून होती, विद्यापीठ मात्र नव्हते. सालाझारच्या राजवटीत प्रत्येक ओळ छापण्याआधी सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जायची. केप्याहून 'भारत' चालवणारे हेगडे देसाई जे शिकले ते खटल्यांतून शिकले. मुक्तीनंतर तीन महिन्यांत, २४ मार्च १९६२ रोजी, 'गोमन्तक' निघाला. पहिले संपादक बा. द. सातोस्कर. पुढच्या वर्षी मडगावहून 'राष्ट्रमत'. जनमत कौलाच्या वेळी, जानेवारी १९६७ मध्ये, ही दोन मराठी दैनिके एकमेकांसमोर उभी ठाकली. एक विलीनीकरणाच्या बाजूने, एक विरोधात, आणि दोन्ही मराठीत! त्या रणधुमाळीत लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पत्रकारितेचा वर्ग पाहिलाही नसेल. त्यांचे लेखन धारदार होते, हे खरे. पण पक्ष घेणे आणि बातमी देणे यांतली रेघ त्या काळात पुष्कळदा पुसली गेली, हेही म्हटले पाहिजे. गुरुकुलच नव्हते म्हणून सगळे उत्तम होते, असे मी म्हणणार नाही.

आता 'मास कम्युनिकेशन' हा शब्द. तो आपल्याकडे रुजला साठच्या दशकात. फोर्ड फाउंडेशनचे अभ्यासपथक आले, त्यात विल्बर श्राम हे या विषयातले मोठे नाव. त्यातून दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था उभी राहिली. १७ ऑगस्ट १९६५ रोजी तिचे उद्घाटन इंदिरा गांधींनी केले. त्या तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होत्या. आणि सुरुवातीला तिथे कोण शिकले? सरकारी माहिती सेवेतले अधिकारी. म्हणजे बातमी शोधणारा आणि सरकारची बाजू पोचवणारा, दोघे एकाच छपराखाली आले. जाहिरात आणि जनसंपर्क हेही त्याच घरात नांदू लागले.

याचा परिणाम मला टेबलावर बसून दिसतो. सरकारी प्रसिद्धीपत्रक दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामासकट छापून येते. एकही प्रश्न न विचारता. पत्रक लिहिणारा आणि छापणारा एकाच अभ्यासक्रमातून आला असेल, तर नवल ते काय?

म्हणून मुलीला काय शिकवतात, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो: कॅमेरा आणि स्टुडिओ बघू नका. प्रेस कायदा, माहितीचा अधिकार आणि जमिनीचे कागद कोण शिकवतो ते विचारा. गोव्यात निम्मी बातमी जमिनीची असते. एक-चौदाचा उतारा आणि सनद वाचता आली नाही, तर डोंगरकापणीची बातमी कशी लिहिणार?

गेल्या पावसाळ्यात एक नवी वार्ताहर मुलगी आमच्या काउंटरवर आली होती. पदवी घेऊन जेमतेम वर्ष झालेले. "दादा, हा रकाना कसला?" असे विचारत ती दुपारभर उतारे उलगडत बसली, चहालाही उठली नाही. त्या डोंगराची बातमी अजून छापून आलेली नाही. तिने मात्र परवा आणखी दोन सर्व्हे नंबर मागितले.