कूम, यान

(२४ फेब्रुवारी १९७६ – ). व्हॉट्सॲप ह्या संदेशसेवेचे संस्थापक. युक्रेनमध्ये जन्मलेले अमेरिकी संगणक-अभियंता. जन्म कीव्हचा, बालपण जवळच्या फास्तिव्हमध्ये गेले. फोनवरचे बोलणे कोणी ऐकत असेल ह्या धास्तीने त्या काळी आईवडील त्यावर मोजकेच बोलत. कूम यांच्या पुढच्या कामाचे मूळ बरेचसे येथे सापडते.

१९९२ मध्ये आई व आजीबरोबर ते कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे आले. वडील मागेच राहिले. शाळेचा खर्च वाचावा म्हणून आईने सोव्हिएत वह्या व पेने सामानात भरून आणली होती. सरकारी अन्नकुपनांवर घर चाले. आई लोकांची मुले सांभाळी, तर कूम किराणा दुकानात झाडलोट करीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून हस्तपुस्तिका विकत घ्यायच्या आणि वाचून झाल्या की परत करायच्या, अशा रीतीने ते संगणकजाळ्यांचे तंत्र शिकले. १९९७ मध्ये ते याहू कंपनीत लागले आणि विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट राहिले. तेथेच ब्रायन ॲक्टन यांच्याशी मैत्री जुळली. २००७ मध्ये दोघांनीही याहू सोडले. पुढे दोघांनी फेसबुककडे नोकरीसाठी अर्ज केले. ते नाकारले गेले.

जानेवारी २००९ मध्ये कूम यांनी आयफोन घेतला आणि २४ फेब्रुवारीला, आपल्या वाढदिवशी, कंपनीची नोंदणी केली. फोनमधील नावांपुढे ‘कामात आहे’ अशी स्थिती दिसावी, एवढीच मूळ कल्पना होती. जूनमध्ये ॲपलने सूचना थेट पडद्यावर पाठवण्याची सोय दिली, तेव्हा लोक स्थिती बदलून एकमेकांना निरोपच देऊ लागले. कूम यांनी ते हेरले आणि संदेशांची सोय असलेली नवी आवृत्ती काढली. वापरकर्त्याचे वेगळे नाव नाही, पासवर्ड नाही. फोन नंबर हीच ओळख. त्यांच्या साऱ्या निर्णयांत हा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण फोनमध्ये साठवलेले नंबर म्हणजेच आयती मित्रयादी झाली. त्याच वर्षी ॲक्टन याहूतील जुन्या सहकाऱ्यांकडून अडीच लाख डॉलर उभे करून सहसंस्थापक झाले. नोकियाच्या साध्या, बटनांच्या फोनांसाठीही आवृत्ती निघाली. महागडा फोन नसलेल्या भारतीयांना, पर्यायाने आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांनाही, ही सेवा त्यामुळे आवाक्यात आली.

टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनने घडवलेली अर्लांग ही भाषा त्यांनी सर्व्हरसाठी वापरली. २०१२ च्या सुरुवातीस एकेका सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या टिकत होत्या. जाहिराती, खेळ, क्लृप्त्या नकोत, अशी ॲक्टन यांच्या हातची चिठ्ठी कूम यांच्या टेबलावर असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना कंपनी घेण्याचे ठरवले, तेव्हा वापरकर्ते ४५ कोटी होते आणि कर्मचारी अवघे ५५. करारावर कूम यांनी सही केली ती माउंटन व्ह्यूमधील जुन्या समाजकल्याण कार्यालयाच्या दाराशी. अन्नकुपनांसाठी ते पूर्वी तेथेच रांगेत उभे राहत.

एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेश पाठवणारा व घेणारा यांच्याशिवाय कोणालाही वाचता न येतील असे कूटबद्ध झाले. फास्तिव्हच्या घरातील धास्तीला ह्याहून नेमके उत्तर नव्हते. ३० एप्रिल २०१८ रोजी कूम यांनी कंपनी सोडत असल्याचे जाहीर केले.