जुन्या 'ट्रायल्स' बुलेटची प्रतिकृती : जोडणी, जपणूक आणि कायदा

प्रतिनिधी, मुंबई

चिखल, ओढे आणि खडकाळ चढणींसाठी पन्नासच्या दशकात तयार झालेल्या शर्यतीच्या मोटरसायकली आज जगभरात संग्राहकांच्या ताब्यात आहेत. अस्सल यंत्र मिळणे दुर्मिळ आणि मिळाले तरी सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे त्याची हुबेहूब प्रतिकृती घडविण्याचा छंद अनेक देशांत रुजला आहे. या बाबतीत मुंबईकराची स्थिती इतरांहून बरी आहे. या प्रकारातील एका नामवंत मोटरसायकलचे मूळ अंग भारतातच अनेक दशके तयार होत होते. ती म्हणजे रॉयल एनफिल्डची ३५० सीसी बुलेट.

इतिहास काय सांगतो?

इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९४८ मध्ये इटलीतील सॅन रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय स्पर्धेत नव्या बुलेटचे नमुने उतरविले. मागच्या चाकाला झोकांडी आणि शॉक अॅब्सॉर्बर असलेली चेसिस त्या काळी नवलाची होती. या गाड्यांवरील दोन स्वारांनी सुवर्णपदके मिळविली आणि त्या चेसिसवरील टीका मावळली. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश सहा दिवसीय ट्रायल बुलेटवर जिंकली. ट्रायल्स प्रकारात कस लागतो तो तोलाचा. अवघड टप्प्यात पाय जमिनीला टेकला की दंडाचे गुण पडतात.

मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेटचे भारतीय पर्व सुरू झाले. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासची बुलेट थांबली नाही. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक आणि ३४६ सीसी क्षमता हे इंजिनाचे मूळ माप बिडाच्या सिलिंडरसह या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत टिकून राहिले. खुद्द कंपनीनेही २०१९ मध्ये 'बुलेट ट्रायल्स' नावाने या परंपरेला उजाळा देणारी गाडी बाजारात आणली होती.

आधार कोणता घ्यावा?

प्रतिकृतीचे यश इथेच ठरते. सर्व मूळ भाग शाबूत असलेली, कागदपत्रे चोख असलेली जुनी बुलेट कापून ट्रायल्स गाडी बनविणे हा तोट्याचा व्यवहार होय. अशा कापाकापीत एक अस्सल गाडी कायमची नाहीशी होते आणि हाती येते ती नक्कल. म्हणून आधार घ्यावा तो टाकी, मडगार्ड, सीट आधीच हरवलेल्या, पण इंजिन व चेसिस ठीक असलेल्या गाडीचा. चेसिस कोठेही कापू नये. नवे भाग मूळ छिद्रांवर बोल्टने बसतील असे बनवावेत आणि काढलेले भाग जपून ठेवावेत. उद्या कोणाला ती गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर वाट खुली राहते.

काय बदलावे लागते?

चाके : भारतीय बुलेटची दोन्ही चाके १९ इंची असतात. ट्रायल्ससाठी पुढे २१ इंची अरुंद चाक लागते, मागे १९ इंची रिमवर जाड टायर चालतो. २०१६ मध्ये हिमालयन आल्यापासून २१ इंची टायर देशात सहज मिळू लागले आहेत. रिम घेताना तिची आणि हबची स्पोकची छिद्रे मोजून घ्यावीत.

गिअर : चढण संथ गतीने चढण्यासाठी गाडीचा वेग कमी आणि ओढ जास्त हवी. बुलेटच्या मागच्या चाकाचे ३८ दातांचे स्प्रॉकेट ब्रेक ड्रमशी एकसंध असते, त्यामुळे ते बदलणे खर्चिक. गिअरबॉक्सकडील स्प्रॉकेटचे एक-दोन दात कमी करणे हा सोपा उपाय.

इंजिन : ते 'गरम' करण्याचा मोह टाळावा. बुलेटचे जड फ्लायव्हील आणि कमी कॉम्प्रेशन हेच ट्रायल्सचे बळ. इंजिन जवळजवळ थांबण्याच्या बेतात असतानाही ते चाक ओढत राहते. बेअरिंग, पिस्टन आणि व्हॉल्व्ह नीट करून कार्ब्युरेटर जुळविला की पुरे.

सायलेन्सर आणि संरक्षक पत्रा : पाण्यातून जाताना बुडू नये म्हणून सायलेन्सर वर उचललेला असतो. पाइप वाकविताना त्यात कोरडी वाळू ठासून भरतात, म्हणजे तो चेपत नाही. बुलेटच्या चेसिसचे नळ इंजिनाखालून जात नाहीत, इंजिनच दोन टोकांना जोडणारा दुवा असते. त्यामुळे दगडाचा घाव थेट क्रँककेसवर बसतो. खाली जाड पत्रा बसविणे अनिवार्य समजावे.

टाकी व सीट : अरुंद टाकी, एकट्या स्वाराची लहान सीट आणि अॅल्युमिनियमचे मडगार्ड यांनी रूप साकारते, वजनही घटते. अॅल्युमिनियमची टाकी हाताने ठोकून आर्गन वेल्डिंगने जोडावी लागते. पेट्रोल भरण्यापूर्वी ती पाण्याखाली हवेच्या दाबाने तपासून घ्यावी.

उपनगरात काम कोठे?

अंधेरी पूर्वेतील साकीनाका-मरोळ पट्ट्यात तसेच घाटकोपर ते मुलुंड या लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांत लेथ, पत्राकाम, आर्गन वेल्डिंग आणि मुलामा देण्याची कामे होत आली आहेत. जुन्या सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दक्षिण मुंबईतील चोर बाजार प्रसिद्ध आहेत. सुटे इंजिन वा चेसिस घेताना मात्र क्रमांक खरवडलेला नाही ना, हे पाहून पावती घ्यावीच. अन्यथा चोरीच्या मालाचा ठपका खरेदीदारावर येऊ शकतो.

कायद्याची मेख

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे दिवे, आरसे उतरविलेली प्रतिकृती पश्चिम द्रुतगती मार्गावर काढणे धोक्याचे ठरते.

'ती विंटेज म्हणून नोंदवू' हा मार्गही बंद आहे. जुलै २०२१ मधील केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहनेच 'विंटेज' ठरतात. चेसिस, बॉडी वा इंजिनात फेरफार झालेल्या गाडीला ती मुभा नाही. अशा नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली शाबूत बुलेट कापणारा मालक कायद्याने दिलेला मानही स्वतःहून गमावतो.

प्रतिकृती टेम्पोतून न्यावी आणि मालकाच्या परवानगीने खासगी जागेवर किंवा अधिकृत स्पर्धेच्या मैदानावर चालवावी, हेच श्रेयस्कर. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान किंवा आरेचे रान ही त्यासाठीची मैदाने नव्हेत.

शेवटची बाब प्रामाणिकपणाची. जोडणीची छायाचित्रे, बदललेल्या भागांची यादी आणि मूळ चेसिस क्रमांक यांची वही गाडीसोबत ठेवावी, विकताना ती नव्या मालकाच्या हाती द्यावी. बोलून-चालून प्रतिकृती असलेल्या गाडीला कमीपणा नाही. कमीपणा येतो तो ती अस्सल म्हणून खपविली गेल्यावर.