कोरम, कौल आणि तहकूब सभा

सप्टेंबर जवळ आला की आपल्या सिंधुदुर्गात दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. एक गणपती आणि दुसरी वार्षिक सभा. विकास सोसायटी, मच्छीमार सोसायटी, पतपेढी, सगळ्यांच्या नोटिसा एकामागून एक येतात. या नोटिशीची शेवटची टीप तुम्ही कधी नीट वाचली आहे का? गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येची गरज राहणार नाही, असा तिचा मतलब असतो.

म्हणजे सभेला कोणी आलं नाही तरी सभा होणार, हे नोटीस काढतानाच ठरलेलं!

गेली बरीच वर्षं मी ग्रामसभा, नगरपालिकेच्या सभा, सोसायटीच्या सभा कव्हर करतोय. माझा अनुभव असा, की आपली माणसं चहाच्या टपरीवर जेवढी मुद्देसूद बोलतात, तेवढी सभेत बोलत नाहीत. कारण भीती नाही. सभेची भाषाच परकी वाटते. अजेंडा, कोरम, मिनिट्स, सूचक, अनुमोदक, कायम करणे, तहकूब करणे. हे शब्द ज्याला येतात तो सभा चालवतो, बाकीचे सह्या करून घरी जातात. म्हणून ही भाषा आली कुठून, ते आज थोडं सविस्तर लिहितो.

आधी आपल्या जुन्या सभेबद्दल. इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे गाव जमायचा तो देवळात. बारापाच मानकरी बसायचे, कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं. गाऱ्हाणं घातलं जायचं आणि सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. अडलंच तर देवाचा कौल घ्यायचा. आचऱ्याची गावपळण आजही देवाच्या कौलानेच ठरते. ‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी. आपण तो देवाला दिला, आणि आज निवडणुकीच्या निकालादिवशी आम्ही पत्रकार ‘मतदारांचा कौल’ असा मथळा देतो.

या जुन्या सभेत आपलेपणा होता, पण सगळ्यांना जागा नव्हती. बायका मागे, आणि कित्येक जातींची माणसं देवळाच्या पायरीखाली. विषयपत्रिका नव्हती, मत नव्हतं, लेखी नोंद नव्हती. ‘व्हय म्हाराजा’च्या जागी ‘नाय म्हाराजा’ म्हणायची सोयच नव्हती.

दुसऱ्या प्रकारची सभा आली इंग्रजीबरोबर. तिची ओळख मराठी माणसाला ज्यांनी करून दिली, त्यांच्यातलं पहिल्या फळीतलं नाव आपल्याच जिल्ह्यातलं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असायचा. सार्वजनिक कामाचे इंग्रजी शब्द मराठीत कसे मांडायचे, हा प्रश्न त्या दोन स्तंभांच्या मधल्या रेघेवर रोज उभा असणार.

पुढे 26 ऑगस्ट 1852 रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, नाना शंकरशेट त्यात पुढे होते. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा सुरू झाली. तिची मुळं पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारीत होती. म्हणजे विषय देवळाचाच, पण पद्धत नवी. या सभेचा सभासद व्हायचं तर किमान 50 माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मानकरीपण जन्माने मिळत होतं, हे सभासदत्व लोकांच्या सहीने मिळू लागलं. फरक साधा नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1877 मध्ये आपल्या कामाचा हिशेब लोकांपुढे छापून ठेवला, त्याला नाव दिलं ‘रिपोर्ट’. शब्द इंग्रजी आहे म्हणून ते अडले नाहीत. हिशेब लोकांपुढे ठेवणं महत्त्वाचं होतं.

1882 मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि ही पद्धत तालुक्यापर्यंत पोचली. ‘लोकल बोर्ड’ हा शब्द तेव्हाचा. आपले आजोबा-पणजोबा ‘बोर्डाच्या शाळेत’ शिकलो म्हणायचे, ते याच बोर्डाच्या.

गंमत म्हणजे हे इंग्रजी शब्द इंग्रजांचे तरी कुठे होते! ‘कोरम’ लॅटिन आहे. अर्थ साधारण ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमध्ये न्यायाधीश नेमण्याच्या राजाज्ञेत ‘यांच्यापैकी अमुक असलेच पाहिजेत’ असं लिहायचे, त्यातून तो उचलला गेला. ‘अजेंडा’ही लॅटिन, म्हणजे करायच्या गोष्टी. ‘मिनिट्स’चा घड्याळातल्या मिनिटांशी संबंध नाही. घाईत बारीक अक्षरात केलेली टिपणं, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला असं मानतात.

बरं, इंग्रजी बोलणाऱ्यांचाही यात घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये एखादा विषय ‘टेबल’ केला म्हणजे चर्चेला घेतला. अमेरिकेत नेमकं उलट, बाजूला ठेवला! दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले होते, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. आपण ब्रिटिश अर्थ घेतला. विधानसभेत कागद ‘सभापटलावर ठेवला’ म्हणतात, ते पटल म्हणजे हेच टेबल.

आता मराठी शब्द कसे घडले ते बघा. परक्या कारभारी शब्दांना आपले शब्द शोधायचा खटाटोप मालवणच्या किल्ल्याइतकाच जुना. ज्या शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्यांनीच पुढे रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1931 मध्ये ‘सयाजीशासन शब्दकल्पतरु’ काढून हेच काम अनेक भाषांत केलं.

त्याच सुमाराला, 1924 ते 1937, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. तेव्हा आपला बराचसा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यांच्या भाषाशुद्धीच्या यादीत महापौर, क्रमांक, दिनांक हे शब्द सांगितले जातात आणि ‘कोरम’साठी ‘गणसंख्या’ही. ‘गणसंख्या’ कागदावर टिकला. पण ‘कायदा’ला सुचवलेला ‘निर्बंध’ त्या अर्थाने लोकांनी घेतला नाही. आज निर्बंध म्हणजे बंधनं.

राज्य झाल्यावर 1960 मध्ये भाषा संचालनालय आलं, 1962 मध्ये ‘पदनाम कोश’ आला. आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून रेवडी उडवली. पण त्यातले आणि पुढच्या कोशांतले कितीतरी शब्द आज आपण न अडखळता वापरतो. काकासाहेब गाडगीळांनी तर ‘सभाशास्त्र’ नावाचं पुस्तकच मराठीत लिहिलं होतं.

यातून झालं काय, तर आज ग्रामपंचायतीच्या एका ओळीच्या ठरावात चार भाषा नांदतात. ‘सभा’ संस्कृत. ‘मंजूर’ अरबी. ‘बरखास्त’ फारसी, मूळ अर्थ ‘उठली’. ‘ठराव’ आपल्या ‘ठरणे’तला. आणि शिपाई येऊन हळूच विचारतो, ‘भाऊ, कोरम झालो काय?’ मला यात काही वावगं वाटत नाही. शब्द कुठून आला याने बिघडत नाही. त्या शब्दाने कोणतं काम करून घेतात, ते समजलं नाही तर बिघडतं.

तीन शब्द नीट बघा.

पहिला तहकूब. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हा नियम कशासाठी? चार डोक्यांनी गावाचा निर्णय घेऊ नये म्हणून. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. काम कायमचं अडू नये म्हणून ही पळवाट नव्हे, वाट ठेवली होती. आपण पहिल्या सभेला न जाऊन तिची पळवाट केली.

दुसरा आयत्या वेळचे विषय. ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ अशी शेपटी लावून हा विषयपत्रिकेच्या तळाशी असतो. किरकोळ, अचानक आलेल्या गोष्टींसाठी ही जागा. पण चिरेखाणीची ना-हरकत किंवा एखाद्या जमिनीचा विषय निम्मे लोक उठून गेल्यावर इथून येऊ शकतो. म्हणून शेवटपर्यंत बसायचं.

तिसरा इतिवृत्त, म्हणजे मिनिट्स. पुढच्या सभेत पहिलाच विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे तेव्हा खुर्च्या शोधत असतात. खरं तर सभेत काय ‘झालं’ हे त्या क्षणी कायम होतं. तुम्ही तासभर भांडलात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं असेल, तर कागदोपत्री तुम्ही भांडलाच नाहीत.

‘सर्वानुमते’ हा शब्द मला नेहमी जुन्या ‘व्हय म्हाराजा’ची आठवण करून देतो. देवळात ते शोभतं, तिथे श्रद्धा आहे. पण ग्रामसभा देऊळ नव्हे. तिथे ‘नाय’ म्हणायचा हक्क मिळावा म्हणून दीडशे वर्षं माणसं झटली. 24 एप्रिल 1993 पासून 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्या कायद्यात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. जी पूर्वी मागे उभी राहायची, तिच्यासाठी आज स्वतंत्र सभा आहे. ती खरोखर भरते, की फक्त रजिस्टरवर, ते आपापल्या गावात बघा.

आपल्या वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून 1970 पर्यंत लोकसभेत होते. त्यांचं वक्तृत्व सगळ्यांना आठवतं. पण संसदेला मूलभूत हक्कांच्या भागातही घटनादुरुस्ती करता यावी, यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणलं, ते सभागृहाचे नियम कोळून प्यायल्याशिवाय जमत नाही. नुसतं गाजवणं वेगळं आणि मुद्दा योग्य वेळी, योग्य शब्दात नोंदवणं वेगळं.

तेव्हा यंदा एवढंच करा. नोटीस आली की विषयपत्रिका वाचा. पहिल्याच सभेला वेळेवर जा, तहकुबीची वाट बघू नका. ठराव पटला नाही तर ओरडू नका, उभं राहून शांतपणे सांगा, ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.’ मालवणीत सांगितलंत तरी चालतं. नंतर इतिवृत्ताची नक्कल मागा, ग्रामपंचायत देत नसेल तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे.

आणि तुमच्या वाडीत सभेचे असे काही खास शब्द असतील तर जरूर कळवा. सोसायटीची नोटीस घरात आली असेलच. आधी ती शेवटची टीप वाचा.